जुन्या-नव्या ग्राफिक्स कार्डांची तुलना : आकड्यांमागचा इतिहास

२०१० साली आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स ५८० या ग्राफिक्स कार्डावर ५१२ कोर, म्हणजे गणित करणारी छोटी एकके, होते. मार्च २०१२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या जीटीएक्स ६८० वर होते १,५३६. बरोबर तिप्पट. तरीही नवे कार्ड तिप्पट वेगवान नव्हते. कागदावरची गणनक्षमतासुद्धा जेमतेम दुप्पट झाली होती आणि प्रत्यक्ष गेममधला फरक त्याहूनही कमी होता. कारण साधे आहे. ५८० चे कोर चिपच्या इतर भागांच्या दुप्पट वेगाने, १,५४४ मेगाहर्ट्झवर धावत. ६८० मध्ये ही रचना मोडीत काढून सगळी चिप सुमारे १,००६ मेगाहर्ट्झच्या एकाच क्लॉकवर, म्हणजे ठोक्यांच्या एकाच गतीवर, आणली गेली. एकेक कोर संथ झाला, त्यांची संख्या वाढली आणि विजेची गरज २४४ वॅटवरून १९५ वॅटवर उतरली.

जुन्या आणि नव्या कार्डांचे तक्ते शेजारी ठेवणाऱ्याला चकवा बसतो तो इथेच. रकान्याचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते, पण त्या नावाखालची वस्तू पिढीगणिक बदलत आलेली आहे.

सुरुवातीला असा गोंधळ नव्हता. १९८१ च्या आयबीएमच्या सीजीए कार्डावर १६ केबी मेमरी होती. ३२० बाय २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चारपैकी एक रंग, म्हणजे दोन बिट. गुणाकार केला की १६,००० बाइट होतात. मेमरी किती, यावरून पडद्यावर काय दिसू शकेल ते थेट कळायचे. १९८७ च्या व्हीजीएची २५६ केबी मेमरीही अशीच वाचता येते. गणित करायचे ते संगणकाच्या मुख्य प्रोसेसरने. कार्डाचे काम साठवलेले चित्र पडद्यावर पाठवण्याचे.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू आले आणि त्रिमितीय चित्र रंगवण्याचे काम कार्डाकडे गेले. त्याच्या ४ एमबी मेमरीतली निम्मी पडद्यावरच्या चित्रासाठी आणि निम्मी पृष्ठभागांवर चिकटवायच्या टेक्स्चरसाठी राखीव होती. म्हणजे 'मेमरी' या एकाच शब्दात आता दोन वेगळ्या गोष्टी आल्या होत्या. १९९९ च्या जीफोर्स २५६ ने त्रिकोण फिरवण्याचे आणि त्यांच्यावरच्या प्रकाशाचे गणितही चिपवर घेतले. 'जीपीयू' (ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट) हा शब्द एनव्हिडियाने रुजवला तो याच कार्डापासून. तेव्हा तक्त्यात पाहायचे ते पिक्सेल पाइपलाइन (ठिपके रंगवणारे समांतर मार्ग) किती आणि क्लॉक किती. दोन्हींचा गुणाकार केला की वेगाचा बऱ्यापैकी अंदाज यायचा.

मेगाहर्ट्झवरचा विश्वास उडवला तो २००२-०३ च्या सामन्याने. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एटीआयचे रेडिऑन ९७०० प्रो ३२५ मेगाहर्ट्झवर चाले, तर त्यानंतर आलेले जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा ५०० वर. पण ९७०० वर आठ पाइपलाइन आणि २५६ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांना जोडणारी वाट) होती, एफएक्सवर चार पाइपलाइन आणि १२८ बिटची बस. शेडर (ठिपक्यांचा रंग आणि प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) वापरणाऱ्या नव्या गेममध्ये कमी मेगाहर्ट्झचे कार्डच पुढे राहिले. माझ्या मते आजही कुणाला ही तुलना शिकवायची असेल तर पहिला धडा याच जोडीचा असावा.

मग २००६ चा नोव्हेंबर. तोवर आकृत्यांच्या शिरोबिंदूंसाठी वेगळी आणि पिक्सेलसाठी वेगळी एकके असत. जीफोर्स ७९०० जीटीएक्सवर अशी ८ आणि २४ होती. एखाद्या दृश्यात एका प्रकारचे काम कमी असले की तिथली एकके रिकामी बसत. ८८०० जीटीएक्सने हा भेद मिटवला आणि कुठलेही काम करू शकणारी १२८ छोटी एकके दिली. त्यांनाच पुढे 'कोर' म्हणू लागले. मुख्य प्रोसेसरच्या कोरशी त्यांची तुलना होऊच शकत नाही, कारण हा कोर म्हणजे एक अंकगणिती एकक, त्याला स्वतःच्या सूचना स्वतंत्रपणे आणता येत नाहीत. पाइपलाइन मोजण्याची पद्धत मात्र तिथे संपली. २००६ पूर्वीच्या आणि नंतरच्या कार्डांत ही संख्या ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही.

आणि 'कोर'ही सर्वत्र सारखा नव्हता. २००८ मध्ये रेडिऑन एचडी ४८७० वर ८०० एकके होती, जीटीएक्स २८० वर २४०. तरी बहुतेक गेममध्ये २८० च वेगवान ठरे. एटीआय तोवर एएमडी या कंपनीकडे गेली होती; एएमडीची एकके पाचाच्या गटाने काम करत. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पाच क्रिया एका वेळी सापडल्या नाहीत, तर गटातली काही एकके बसून राहत. २०२० मध्ये एनव्हिडियाचीच व्याख्या पुन्हा सरकली. आरटीएक्स २०८० वर ४६ मोठे गट आणि २,९४४ कोर होते. आरटीएक्स ३०७० वर गट तेवढेच, ४६, पण कोर ५,८८८. पूर्वी फक्त पूर्णांकांचे गणित करणारा मार्ग आता दशांशाचेही करू लागला, म्हणून मोजणी दुप्पट झाली. पूर्णांकांचे काम आले की तो मार्ग त्यात गुंततोच, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही.

बसची रुंदीही अशीच फसवी. ५८० ची बस ३८४ बिटची, ६८० ची २५६ बिटची. पण नवी मेमरी अधिक वेगाची असल्याने बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून सेकंदाला ये-जा करू शकणारी माहिती, दोन्हींची सुमारे १९२ जीबीच. अलीकडे बँडविड्थचा आकडाही एकटा वाचता येत नाही. आरटीएक्स ३०६० टीआयची ४४८ जीबी, त्यानंतरच्या ४०६० टीआयची फक्त २८८. ही घट भरून काढायला चिपवरची एल२ कॅशे (वारंवार लागणाऱ्या माहितीचा छोटा, जलद साठा) ४ एमबीवरून ३२ एमबी केली गेली. कॅशेत सापडलेली माहिती मेमरीतून आणावी लागत नाही, हे खरेच. पण रिझोल्यूशन वाढवले की कॅशे अपुरी पडते आणि नव्या कार्डाची आघाडी घटत जाते.

सगळ्यांत कमी बदललेला आकडा मेमरीच्या आकारमानाचा. मावले तर मावले, नाही तर नाही. तरीही मेमरीचा प्रकार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये : जीटी १०३० या एकाच नावाने २ जीबीची दोन कार्डे विकली गेली. जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीची जलद मेमरी) असलेल्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ (संगणकातली सर्वसाधारण मेमरी) असलेल्याची १७ हूनही कमी. आणि २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर लिहिलेले ४ जीबी खरोखर ४ च होते, मात्र त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा कितीतरी संथ वाटेने जोडलेला होता. तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. लोकांनी चाचण्या घेऊन तो शोधून काढला, तेव्हा कार्ड बाजारात येऊन काही महिने झाले होते.