पाळीत गोळीने भागत नसेल तर

"पोटात दुखायची गोळी द्या," असं म्हणत आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर येणाऱ्या बहुतेक मुलींचं दोन-तीन गोळ्यांत भागतं. त्यांनी हे पत्रक मैत्रिणीला द्यावं. जिला दर पाळीला आख्खी पट्टी लागते, तरी कॉलेज बुडतं, उलट्या होतात आणि घरी "आम्हालाही दुखायचं" एवढंच ऐकायला मिळतं, तिच्यासाठी हे लिहिलं आहे. तसं म्हणणाऱ्या आईसाठीही. आईला खरंच एवढं दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण आई किंवा बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल तर मुलीला तो असण्याची शक्यता वाढते.

या आजारात गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात: अंडाशयावर, पिशवीच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते आणि कालांतराने अवयव एकमेकांना चिकटू लागतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननाच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना हा आजार आहे. तरीही निदानाला वर्षानुवर्षं जातात. आपल्याकडे तर पाळीची कुठलीही तक्रार 'पीसीओडी'च्या खात्यात टाकली जाते. पीसीओडीत पाळी लांबते, चुकते. महिन्याच्या महिन्याला असह्य दुखणं ही त्याची मुख्य खूण नव्हे.

गोळ्यांबद्दल

मेफ्टल स्पासमध्ये मेफेनामिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमिन असतं. ती घेऊन तासाभरात फरक पडला नाही म्हणून वर कॉम्बिफ्लाम घेणाऱ्या मुली आम्ही पाहतो. तिच्यात आयब्युप्रोफेन आहे, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं पोटात गेली. आराम दुप्पट होत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो. रिकाम्या पोटी घेऊ नका. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. मेफेनामिक अ‍ॅसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते; भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तसा इशारा दिला होता. तसं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. आणि आम्ही चिठ्ठी मागितली तर रागावू नका.

डॉक्टरांकडे जाताना

दोन-तीन पाळ्यांची नोंद करा: तारीख, दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, कॉलेज किंवा काम किती दिवस बुडालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखतं का, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का, पोट फुगणं आणि जुलाब त्याच दिवसांत होतात का, लग्न झालं असेल तर संबंधाच्या वेळी आत दुखतं का. हे बोलायला लाज वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि "पाळीत शौचाला जाताना कळ येते" हे एक वाक्य त्यात फार कामाचं असतं. आई सोबत असल्याने काही बोलता येत नसेल, तर दोन मिनिटं एकटीने बोलायचंय असं डॉक्टरांना सांगता येतं. आयांनो, तेव्हा बाहेर बसा.

सोनोग्राफी नॉर्मल आली, पुढे काय?

इथे सगळ्यात जास्त मुली अडकतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काही नाही, सगळं मनाचं, असं घरचे ठरवून टाकतात. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत सहसा दिसते. आजाराचे पातळ, पसरलेले डाग बहुतेकदा दिसत नाहीत. एंडोमेट्रिओसिससाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी अधिक उपयोगी असते. लग्न न झालेल्या मुलींची ती आपल्याकडे सहसा करत नाहीत, आणि तुमची संमती नसेल तर करूही नये. मग उरते लघवी भरून पोटावरून केलेली तपासणी, जिच्यात खोलवरचं कमी दिसतं. अशा वेळी एमआरआय किंवा गुदमार्गातून सोनोग्राफी हे पर्याय आहेत का, ते विचारा. चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' न लिहिता 'एंडोमेट्रिओसिसची शंका' लिहून घ्या. मग तपासणारा त्या नजरेने बघतो. रक्तातली सीए-१२५ ही चाचणी निदानासाठी भरवशाची नाही.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून (लॅप्रोस्कोपी) पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. आता लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. तपासण्यांत काही दिसलं नाही, किंवा औषधाने भागलं नाही, तर दुर्बीण. त्याच वेळी दुसरी कारणंही तपासली जातात. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे त्यातलं एक. अगदी लहान वयात दुखणं सुरू झालं असेल तर पाळीचा मार्ग जन्मतः अडलेला नाही ना, हेही पाहतात.

औषधं आणि शस्त्रक्रिया

डायनोजेस्ट (एकाच हार्मोनची गोळी) किंवा हार्मोनच्या एकत्रित गोळ्या दिल्या की "ही तर मूल न होण्याची गोळी" म्हणून घरी गोंधळ होतो. इथे त्या आजार दाबून ठेवण्यासाठी असतात. त्यांनी पुढे मूल होण्यावर कायमचा परिणाम होत नाही. डायनोजेस्ट रोज ठरल्या वेळी घ्या. पहिले काही महिने मधूनमधून रक्ताचे डाग पडतात, म्हणून परस्पर बंद करू नका. मायग्रेन, पायात रक्ताची गाठ, यकृताचा त्रास यांपैकी काही असेल तर आधी सांगा. या गोळ्या चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही.

"लग्न करा, मूल झालं की बरं होतं" हा सल्ला अजूनही मिळतो. केवळ उपचार म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, असं २०२२च्या त्याच युरोपीय सूचना स्पष्ट सांगतात. मुलीच्या पोटदुखीवर स्थळं बघणं आम्हालाही पटत नाही. गर्भपिशवी काढण्याचंही तसंच. आजार मुळात पिशवीबाहेर असतो, त्यामुळे नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं, त्यानंतर तरी हा निर्णय पटकन घेऊ नये.

आजार आतड्यात किंवा मूत्राशयात शिरल्याची शंका असेल, तर अशा शस्त्रक्रिया नेहमी करणारे आणि गरज पडल्यास आतड्याचे वा मूत्रमार्गाचे सर्जन सोबत घेणारे डॉक्टर शोधा. डाग नुसते जाळणार की कापून काढणार, ते विचारा. सिस्ट काढताना अंडाशयातल्या बीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून आधी एएमएच (या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) तपासायचं का, हेही विचारा. शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा येऊ शकतो.

मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. पुण्यात ससून, मुंबईत केईएम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारा.

एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या, चक्कर येऊन पडणं, तापासोबत ओटीपोटात दुखणं, किंवा पाळी चुकलेली असताना दुखणं: यातलं काही झालं तर आमच्याकडे गोळी मागायला येऊ नका, थेट रुग्णालयात जा.

नोंदीसाठी छापील कार्ड काउंटरवर फुकट मिळेल. भावाला किंवा वडिलांना पाठवलंत तरी चालेल.