गटारातल्या व्हायरसने वाचवलेला माणूस

2015 च्या नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोचे प्रोफेसर टॉम पॅटरसन बायकोबरोबर इजिप्तला फिरायला गेले होते, पिरॅमिड वगैरे बघून झाले आणि एका रात्री पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. निघाला पित्ताचा खडा, त्यामुळे स्वादुपिंडाला सूज. तिथून विमानाने फ्रँकफर्टला नेलं, पोटात साचलेलं पाणी तपासलं, तर त्यात असिनेटोबॅक्टर बाउमानी.

हा बॅक्टेरिया म्हणजे आयसीयूवाल्यांची कायमची डोकेदुखी. इराक युद्धातल्या जखमी अमेरिकन सैनिकांमध्ये इतका सापडायचा की त्याचं नावच इराकीबॅक्टर पडलं. पलंगाच्या कडेवर, नळ्यांवर कोरडा पडून दिवसेंदिवस जगतो आणि दुसऱ्या बॅक्टेरियांकडून औषधाला न जुमानणारी जनुकं उसनी घेतो (परत मात्र करत नाही). सॅन डिएगोला आणल्यावर एकेक करत सगळी अँटिबायोटिक्स फेल, त्यात पोटातलं पाणी काढायला घातलेली नळी सरकली, इन्फेक्शन रक्तात गेलं आणि पॅटरसन कोमात.

त्यांची बायको स्टेफनी स्ट्रॅथडी साथरोगतज्ज्ञ. जुने पेपर उपसता उपसता तिला फाज सापडले. फाज म्हणजे फक्त बॅक्टेरियाला धरणारा व्हायरस, माणसाच्या पेशीला तो हात लावत नाही. बॅक्टेरियाच्या अंगाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, त्याच्याच कारखान्यात स्वतःच्या कॉप्या काढून घेतो आणि मग भिंत फोडून सगळे बाहेर, पुढचं गिऱ्हाईक शोधायला. जिथे बॅक्टेरिया भरपूर तिथे फाज भरपूर, म्हणून शोधायचे असतील तर गटार, सांडपाणी यासारखी जागा नाही!

ही काही नवी गोष्ट नाही. फेलिक्स द'हेरेल या शास्त्रज्ञाने 1917 मध्ये पॅरिसला फाजला हे नाव दिलं आणि 1923 पासून जॉर्जिया देशात तिबलिसीला त्यावर इन्स्टिट्यूट चालू आहे, भारतातलेही काही पेशंट तिथे जाऊन आलेत. त्याच्याही आधी, 1896 मध्ये, हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. व्हॉट्सॲपवर हे फिरतं ते अर्धंच, तेच पाणी उकळलं की तो गुण जायचा हे कोणी सांगत नाही. तो फाजचाच प्रताप असावा असं बरेच जण मानतात, पण म्हणून आज कोणी ओंजळ भरून पिऊ नका, बाकी काय काय असतं त्यात ते आपल्याला माहितीय.

मग फाज अँटिबायोटिकसारखे मेडिकलमध्ये का मिळत नाहीत? कारण एक फाज एकाच जातीच्या, कधीकधी तर त्यातल्याही ठराविक वाणाच्याच बॅक्टेरियाला चालतो. म्हणजे आधी पेशंटचा जंतू लॅबमध्ये वाढवा, मग त्याला मारणारा फाज शोधा, आणि मग तो शुद्ध करा, कारण फुटलेल्या बॅक्टेरियाचा कचरा रक्तात गेला तर पेशंट त्यानेच दगावेल. पॅटरसनसाठी टेक्सासच्या एका युनिव्हर्सिटीने आणि अमेरिकन नेव्हीने फाज जुळवले, एफडीएने (औषधांना परवानगी देणारी अमेरिकन सरकारी संस्था) इमर्जन्सी परवानगी दिली, 15 मार्च 2016 ला पोटातल्या नळ्यांमधून डोस आणि दोन दिवसांनी थेट शिरेतून. थोड्याच दिवसांत ते कोमातून बाहेर आले.

बॅक्टेरिया गप्प बसला नाही अर्थात, त्याने फाजलाही दाद देणं बंद केलं, मग नेव्हीने नवा फाज शोधून दिला आणि जोडीला मिनोसायक्लिन नावाचं जुनं अँटिबायोटिक ठेवलं. मला यातला सगळ्यात भारी वाटलेला भाग पुढे आहे. 2021 मध्ये मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या टीमने याच जातीच्या बॅक्टेरियावर दाखवलं की फाज चिकटतो तो त्याच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणाला, आणि फाजपासून सुटायचं तर हे आवरणच टाकून द्यावं लागतं. पण तेच तर त्याचं चिलखत. ते उतरवलं की आधी न चालणारी काही अँटिबायोटिक्स पुन्हा चालायला लागतात.