पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच?

‘पीएसए ४ च्या वर गेला की प्रोस्टेटचा कॅन्सर पक्का’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. पीएसए म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन; ते रक्तात मोजतात (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये). रिपोर्टवर ठळक अक्षरात ५.८ दिसलं की घाबरायला होतंच. पण हे प्रथिन निरोगी प्रोस्टेटमध्येही तयार होतं. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, नुकतीच लघवीसाठी नळी घातली होती, तरी ते रक्तात वाढतं. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्या चौघांपैकी साधारण तिघांच्या बायोप्सीत कॅन्सर सापडत नाही. उलट फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो. (टक्कलासाठी घेतलेली ही गोळी डॉक्टरांना सांगायची हमखास राहते!) म्हणून रक्त देण्याआधीच विचारा: आकडा वाढला तर पुढे काय? बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, मग एमआरआय, गरज वाटली तरच बायोप्सी.