सर्व्हरमधली नववी चिप

'चांगला गेमिंग पीसी घेतला की झालं, सर्व्हर कशाला हवा?' छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो मुळीच बाळबोध नाही. नुसत्या एका कोअरचा (प्रोसेसरमधल्या एका गणन-केंद्राचा) वेग मोजला तर गेमिंग पीसी पुष्कळदा सर्व्हरला मागे टाकतो. त्याचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्‌झच्या वर जातो. ९६ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर सगळे कोअर राबायला लागले की त्याहून बऱ्याच कमी वेगावर चालतो. सर्व्हर म्हणजे 'सुपरफास्ट कॉम्प्युटर' ही समजूत इथेच निकालात निघते.

मग जादा पैसे कशाचे? दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला तर दुसरा भार उचलतो. डिस्क चालू मशीनमधून बाहेर काढून बदलता येते. मदरबोर्डवर देखरेखीसाठी एक वेगळा छोटा कॉम्प्युटरच असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो, आणि त्याच्यामार्फत दूरवरून मशीन चालू करता येतं. हे सगळं उपयोगाचंच. पण माझा जीव जडलाय तो रॅमच्या पट्टीवर. साध्या पट्टीवर एका ओळीत आठ काळ्या चिप्स असतात, सर्व्हरच्या पट्टीवर बहुधा नऊ. त्या नवव्या चिपमध्ये तुमचा डेटा नसतोच.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरवरचा विद्युतभार. भार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळतो, म्हणून डीडीआर४ या पिढीच्या मेमरीत दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरली जाते. इतक्या नाजूक साठ्याला धक्का लागायला फार काही लागत नाही. १९७८ साली इंटेलच्या मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनात अंशमात्र असलेल्या युरेनियम-थोरियममधून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. वेष्टनं सुधारली, पण अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन कोण अडवणार? शिवाय चिपमधले साधे बिघाड आहेतच.

एका बिटाने काय होतं ते २००३ मध्ये बेल्जियममध्ये दिसलं. ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे मतमोजणीच्या कॉम्प्युटरने एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं दिली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, म्हणजेच बायनरी आकड्यातला तेरावा बिट ० चा १ झालेला. 'ताऱ्यावरून आलेल्या कणाने निवडणूक फिरवली' अशा मथळ्यांचे व्हिडिओ यावर भरपूर आहेत. तो कण कोणी पाहिलेला नाही. बिट आपोआप उलटला असावा, इतकाच निष्कर्ष तज्ज्ञांना काढता आला. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. शक्य कोटीतला असता तर कोणाला पत्ता लागला असता?

यावरचा उपाय गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी शोधला, तोही वैतागून. १९४७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या रिले कॉम्प्युटरवर त्यांचं काम शनिवार-रविवारी, कोणी नसताना चालायचं. चूक झाल्याचं मशीनला कळायचं, पण मग ते काम टाकून पुढचं घ्यायचं. सलग दोन आठवडे असं झाल्यावर हॅमिंग यांचं डोकं फिरलं. चूक झाली एवढं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? त्यांचं उत्तर १९५० मध्ये छापून आलं.

चार बिट घ्या: १, ०, १, १. ते ३, ५, ६ आणि ७ क्रमांकाच्या जागी बसवा. १, २ आणि ४ या जागा तपासनिसांसाठी राखून ठेवा. पहिला तपासनीस १, ३, ५, ७ या जागा सांभाळतो, दुसरा २, ३, ६, ७ आणि चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७. आपल्या गटातल्या १ ची संख्या सम राहील असं मूल्य प्रत्येकाने घ्यायचं. हिशेब करून पाहा, तपासनीस येतात ०, १, ०. पूर्ण ओळ होते ० १ १ ० ० १ १.

आता सहाव्या जागचा १ उलटून ० झाला. पहिला गट तपासा: सम, ठीक. दुसरा: तीन वेळा १, विषम, गडबड. चौथा: एकदाच १, गडबड. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक मिळवा, २ + ४ = ६. चूक सहाव्या जागी! तो बिट परत उलटवला की काम झालं. मूळ डेटा काय होता हे कोणालाच माहीत नाही, दुसरी प्रतही ठेवलेली नाही, तरी पत्ता अचूक मिळाला. गुपित इतकंच, की प्रत्येक जागेचा बायनरी क्रमांकच तिचे तपासनीस ठरवतो: ६ म्हणजे ११०, म्हणून ४ आणि २.

चार बिटांना तीन तपासनीस हा सौदा महागच. पण ६४ बिटांना सातच पुरतात. आठवा सगळ्या ओळीवर नजर ठेवतो. दोन बिट उलटले तर एकूण संख्या समच राहते, पण गट तक्रार करतात. या विसंगतीवरून दुहेरी चूक ओळखू येते. ६४ आणि ८ मिळून ७२, म्हणजे आठ-आठ बिट देणाऱ्या नऊ चिप्स. दुहेरी चूक दुरुस्त होत नाही, म्हणून तसं घडल्यास सर्व्हर सहसा तिथेच थांबतो. लोक चिडतात. माझ्या मते मात्र चुकीचा आकडा हिशेबात लिहिण्यापेक्षा तो थांबलेलाच बरा. 'बंद करून चालू करा' या सार्वत्रिक तोडग्याची मर्यादाही इथे दिसते. मेमरीतली उलटापालट रीस्टार्टने जाते, डिस्कवर उतरलेला चुकीचा आकडा तसाच राहतो.

गूगलने २००९ मध्ये आपल्या सर्व्हरमधल्या मेमरीचा अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाकाठी ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. सर्व्हर दुरुस्त केलेल्या चुकांचीही नोंद ठेवतो ती याचसाठी. एकाच स्लॉटचा आकडा चढायला लागला की पट्टी बदलायची, मशीन थांबायची वाट पाहायची नाही.

'डीडीआर५ मध्ये ईसीसी (एरर करेक्टिंग कोड, म्हणजे वर पाहिलेली चूक-दुरुस्ती) आलेलंच आहे' हा अलीकडचा जाहिरातबाजीचा प्रकार. डीडीआर५ चिपच्या पोटात दुरुस्ती होते हे खरं. पण ती चिपपुरतीच. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर तिला काही कळत नाही, आणि आतल्या दुरुस्तीची खबर बाहेर सहसा येत नाही. सर्व्हरच्या डीडीआर५ पट्टीवर तपासनिसांच्या चिप्स वेगळ्या असतात त्या म्हणूनच.

मेमरीचं असं निभावलं, तरी प्रोसेसरने गणितच चुकीचं केलं तर? २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक दोघांनीही अशा कोअरबद्दल लिहिलं: मधूनच चुकीचं उत्तर देणारे आणि त्याची कसलीच सूचना न देणारे. गूगलच्या अनुभवात हजारो मशीनमागे असे मोजकेच निघतात. ते चुकीचं उत्तर मेमरीत पोचलं, की आठही तपासनीस त्याची इमानेइतबारे राखण करतात. त्यांच्या लेखी तो डेटा बरोबरच असतो.