टाकीच्या तळाचा शेवटचा मिलिमीटर

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘कोरी’ नावाचा तळाशी राहणारा छोटा मासा विकताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘हा खालचा कचरा खातो, याला वेगळं काही घालावं लागत नाही.’ मोठ्या माशाच्या बाबतीतही ते खोटंच आहे, पण मोठा मासा निभावून नेतो. पिल्लांच्या मात्र ते जिवावर बेततं. शंभर अंडी, ऐंशी पिल्लं आणि आठवडाभराने उरलेली पाच-सहा, हा हिशेब कोरीची वीण घेणाऱ्यांना नवा नाही. मग ‘रोग आला’ म्हणून औषधाची बाटली येते. बहुतेक वेळा रोग नसतोच. पिल्लं गुदमरलेली असतात, आणि तीही चार बोटं वर भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात.

इथे बोलतोय ते ब्राँझ कोरीबद्दल. हा मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेतला, मिशा असलेला छोटा मार्जारमीन. शास्त्रीय नाव कोरीडोरस एनियस. 2024 साली या गटाची फेरमांडणी होऊन तो ऑस्टिओगॅस्टर झाला, पण दुकानात तो कोरीच राहणार.

मोठा कोरी मधूनच सुळकन वर झेपावतो, हवेचा घोट घेतो आणि परत तळाशी येतो. ती हवा तो गिळतो. आतड्याच्या मागच्या भागाची भिंत पातळ असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, आणि प्राणवायू तिथून रक्तात जातो. उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. (याच आतड्याचा आणखी एक अचाट उपयोग जपानी संशोधकांनी 1995 साली मांडला: मादी नराचे शुक्राणू तोंडाने घेते, ते काही सेकंदांत आतड्यातून पार होतात आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतात.) अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाकडे ही सोय नसते. त्याचे कल्लेही अर्धवट असतात. सुरुवातीचे दिवस ते बराचसा प्राणवायू थेट कातडीतून शोषतं. म्हणून ‘मोठे मासे मजेत आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे’ हा निष्कर्ष इथे फसतो. मोठे वरून हवा आणतात. पिल्लाला मिळतो तो फक्त त्याच्या अंगाला लागून असलेल्या पाण्यातला प्राणवायू.

आणि ते पाणी कसं असतं, यातच सगळी गोम आहे.

25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे पाच लिटरच्या डब्यात तो सगळा मिळून जेमतेम चाळीस मिलिग्रॅम. उलट एक मिलिग्रॅम कोरडं खाद्य पुरतं कुजायला निदान एक मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, स्निग्ध पदार्थ असतील तर दुप्पट-तिप्पट. दोन बोटांच्या चिमटीत जे खाद्य मावतं ते या हिशेबाने अख्ख्या डब्याला भारी पडू शकतं. वरच्या पृष्ठभागातून प्राणवायू सतत आत येत असतो, म्हणून डबा वाचतो. पण खाद्य कुजतं तळाशी, आणि वरून आलेला प्राणवायू तळापर्यंत पोहोचायला हवा.

संथ पाण्यात तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपापल्या धक्काबुक्कीने पोहोचतो, आणि हा प्रवास अविश्वसनीय मंद आहे. प्राणवायूचा पाण्यातला विसरण गुणांक सेकंदाला सुमारे 2×10⁻⁹ चौरस मीटर आहे, हवेतल्यापेक्षा दहा हजार पटींनी कमी. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट. एक मिलिमीटरला साधारण चार मिनिटं. एक सेंटिमीटरला सात तास. पाच सेंटिमीटरला आठवडा! अंतर पन्नास पट, वेळ अडीच हजार पट. डोळ्यांनी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, पाऊण तास हलवू नका, मग ड्रॉपरचं टोक तळाला टेकवून शाईचा एक थेंब अलगद सोडा. निळा थर तळाशी पसरतो आणि बसून राहतो. चमचा एकदाच फिरवा, दोन सेकंदांत सगळं पाणी निळं.

चमच्याचं काम टाकीत हवेचे बुडबुडे करतात. प्राणवायू बुडबुड्यांतून विरघळतो त्याहून जास्त, ते पाणी वर-खाली घुसळतात म्हणून मिळतो. पण वाहतं पाणीदेखील काचेला टेकताना मंदावतं, आणि अगदी काचेलगत त्याचा वेग शून्य असतो. हा मंद थर मिलिमीटरभर जाडीचा असू शकतो. त्याच थरात बुळबुळीत जिवाणूंचा लेप असतो, तोच प्राणवायू सर्वांत वेगाने खातो. आणि कोरीचं पिल्लू पोट टेकून नेमकं तिथेच पडलेलं असतं. वरच्या पाण्यात चाचणीचं द्रावण घातलं तर आकडा झकास येतो. पिल्लं काचेवर चढून चिकटायला लागली किंवा सगळी एअर स्टोनच्या (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) भोवती गोळा झाली, की समजावं, तळाने दगा दिलाय.

आता करायचं काय ते सगळं यातूनच निघतं. अंडी काचेवर चिकटवलेली असतात. दोन-तीन तासांत ती टणक होतात, मग बोटाच्या पेराने हळू गुंडाळत काढता येतात. जुनं एटीएम कार्डही चालतं. ती दोन लिटरच्या पसरट डब्यात त्याच टाकीचं पाणी घेऊन ठेवायची, बुडबुडे अंड्यांच्या बाजूने जातील असे. बुरशी रोखायला मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचं 1 टक्क्याचं द्रावण लिटरला दोन-तीन थेंब. पांढरी पडलेली अंडी रोज पिपेटने उचलायची, कारण कापसासारखी पाणबुरशी मेलेल्या अंड्यावरून जिवंत अंड्यावर जाते. (सॅप्रोलेग्निया नावाची ही ‘बुरशी’ खरी बुरशी नव्हेच, तिचं नातं तपकिरी शेवाळाशी जवळचं आहे.) 25-26 अंशांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंडी फुटतात. त्याच दिवशी निळं पाणी टप्प्याटप्प्याने बदलून टाकावं, नाहीतर ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं.

पहिले दोन दिवस खाद्य द्यायचंच नाही. पोटाखाली बलकाची पिशवी असते, ती त्यांची शिदोरी. तेव्हा घातलेला प्रत्येक कण फक्त कुजतो. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा सल्ला सर्रास मिळतो. तळ नासवायचा याहून सोपा मार्ग नाही.

तिसऱ्या दिवसापासून मायक्रोवर्म (बारीक सूत्रकृमी) किंवा अंड्यातून ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव). मायक्रोवर्म तळाशी बसतात आणि पाण्यात बराच वेळ जिवंत राहतात, कोरीसाठी हे सोयीचं. आर्टेमियासाठी लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी, 26 ते 28 अंश, वर दिवा आणि उलट्या बाटलीच्या तळातून जोरात हवा. चोवीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली जमतात. ते दाट कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवायचे. गोड्या पाण्यात ते काही तासच तगतात, मेले की कुजणं आलंच. म्हणून दिवसातून तीन वेळा, दोन तासांत संपेल इतकंच. भिंगातून पाहिलं तर खाल्लेल्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं. दिसत नसेल तर एक तर ते आजारी आहे, किंवा खाद्य त्याच्यापर्यंत गेलंच नाही.

पाणी पाच ते आठ सेंटिमीटरच ठेवावं. कमी उंचीत बुडबुड्यांची घुसळण तळापर्यंत जाते. स्पंज फिल्टर हळू चालवावा आणि एअर स्टोन कोपऱ्यात नको, मध्यावर. पाणी हलतच नाही अशी मेलेली जागा कोपऱ्यांतच तयार होते. रोज एअर पंपाच्या नळीने तळ शोषून घ्यायचा, पाणी पांढऱ्या भांड्यात सोडायचं, कारण पाच-दहा पिल्लं त्यात येणारच. ती पिपेटने परत. काच बोटाने पुसून बघावी. बुळबुळ लागली तर कापसाने पुसायची. निम्मं पाणी रोज बदलायचं, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं द्रावण) घातलेलं, तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नसलेलं, आणि नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडलेलं. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच. संथ पाण्यात काय होतं ते वर आलंच आहे.

अमोनियाचं थोडक्यात: 25 अंशांना पाण्याचा सामू (pH) 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्तच विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की पाच टक्क्यांहून अधिक. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आधी सामू मोजावा.

‘मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. वास्तूच्या नावाने टाकी ईशान्येला ठेवणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. या समजुतीने माशाचं नुकसान असं होतं की त्याच्या मरणाचं कारण कुणी शोधत नाही, आणि संकट बिचारं तळाशी लेप होऊन पडलेलं असतं.

पिल्लं सेंटिमीटरभर झाली की त्यांतलं एखादं अचानक वर झेपावून हवा घेऊन येताना दिसतं. तिथून पुढे पाण्याची उंची थोडी थोडी वाढवायला हरकत नाही. झाकण मात्र पाण्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर राहू द्यावं.