टायमरला वेळ कळत नाही, त्याला फक्त मोजता येतं

एका डोसिंग पंपाच्या, म्हणजे ठराविक वेळाने थोडं थोडं द्रव सोडणाऱ्या पंपाच्या, बोर्डचं काम चालू होतं. दर दहा सेकंदांनी पंप अर्धा सेकंद चालला पाहिजे, बस एवढंच. बोर्ड चालू केला, पंप टक टक करायला लागला, सगळे खुश, चहा पण झाला. मग शेजारच्या ज्युनियरने सहज मोबाईलवर स्टॉपवॉच लावला आणि म्हणाला, "सर, हा तर पाच सेकंदालाच मारतोय." कोडमध्ये दहा लिहिलेलं, तीनदा वाचलं, बरोबर होतं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक डोस पण पाव सेकंदाचाच होता, त्यामुळे दिवसाचा हिशोब कागदावर तेवढाच आला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

चूक टायमरच्या ड्रायव्हरमध्ये होती. आता ड्रायव्हर म्हणजे कोडचा तो भाग जो चिपमधल्या हार्डवेअरला सांगतो की बाबा तू असं असं वाग. आणि टायमर हे नाव जरा फसवं आहे, तो घड्याळ नाहीच, तो नुसता काउंटर आहे, क्लॉकचा, म्हणजे चिपला ठेका देणाऱ्या सिग्नलचा, एक ठोका आला की आकडा एकने वाढवायचा. सेकंद, मिनिट वगैरे त्याच्या गावीच नसतं.

आमच्या बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ होती, त्या स्वस्त निळ्या 'ब्लू पिल' बोर्डवर असते तीच चिप. बाहेर ठोके देणारा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत त्याला ९ ने गुणून ७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७ कोटी २० लाख ठोके. टायमर १६ बिटचा, ६५५३५ च्या पुढे मोजताच येत नाही, मग एवढ्या वेगाने तो ०.९१ मिलिसेकंदातच भरतो. म्हणून मधे प्रीस्केलर बसवायचा, तो ठराविक ठोक्यांमागे एकच ठोका पुढे पाठवतो. जप करणारी आजी आठवा, १०८ मणी ओढून झाले की बाजूला एक चिंचोका ठेवते, हिशोब मण्यांचा नाही, चिंचोक्यांचा. ७२ ठोक्यांना एक चिंचोका केला की सेकंदाला बरोब्बर १० लाख, आणि असे १००० झाले की एक मिलिसेकंद.

फक्त रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यात, ७२ आणि १००० लिहायचं नाही, ७१ आणि ९९९ लिहायचं. कारण मोजणी शून्यापासून आहे, बिल्डर 'जी प्लस सात' म्हणतो तेव्हा मजले आठ असतात तसं. ७२ आणि १००० लिहिलंत तर ७३ गुणिले १००१ ठोके होतात आणि घड्याळ तासाला जवळपास ५३ सेकंद मागे पडतं. LED लुकलुकताना डोळ्याला हे कधीच दिसणार नाही.

आमची चूक मात्र याहून भारी होती. हा टायमर ज्या बसवर, म्हणजे चिपच्या आतल्या जोडणीच्या रस्त्यावर, लटकतो ती ३६ मेगाहर्ट्झची, तिची मर्यादाच तेवढी, म्हणून आम्ही प्रीस्केलरला ३५ दिलं. पण मॅन्युअलमधल्या क्लॉकच्या चित्रात एक बारीक चौकोन आहे: बसचा क्लॉक भागून आला असेल तर टायमरला जाताना त्याची दुप्पट करा. म्हणजे बस ३६ वर आणि टायमर ७२ वरच. दहाचे पाच झाले ते इथे. तो चौकोन मी आधी निदान दहा वेळा पाहिला असेल.

आता आरटीओएस, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, आमच्याकडे फ्रीआरटीओएस. त्यात प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. टास्क गॅसजवळ उभी राहून वाट बघत नाही, कुकर लावून दुसऱ्या कामाला जाते, शिट्टी झाली की येते. शिट्टी म्हणजे इंटरप्ट. पण शिट्टीलाही मानपान असतो. या चिपमध्ये प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका मान मोठा, आणि काहीच सेट केलं नाही तर तो ० असतो, म्हणजे थेट सगळ्यांच्या डोक्यावर. कर्नल, म्हणजे आरटीओएसचा गाभा, टास्कच्या स्वतःच्या याद्या दुरुस्त करताना एका पातळीपर्यंतचे इंटरप्ट अडवतो, ती पातळी बऱ्याचदा ५ ठेवलेली असते, पण ० वाल्याला तो अडवूच शकत नाही. अशा इंटरप्टमधून टास्कला उठवायला गेलात तर कर्नलच्या याद्या अर्धवट असताना त्यात हात जातो आणि बोर्ड तीन दिवस मस्त चालून चौथ्या दिवशी लटकतो. फ्लॅग, म्हणजे 'इंटरप्ट आला' ही खूण, क्लिअर करायला विसरणं त्यापेक्षा परवडलं, तिथे तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो आणि बोर्ड लगेचच हँग होतो, शोधायला सोपं!

शेवटी राहिला ३२ बिटचा मिलिसेकंदांचा आकडा. तो ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. "आत्ताची वेळ मागचा डोस अधिक दहा हजारपेक्षा मोठी आहे का" असं विचारलं तर त्या टोकाला बेरीजच उलटून छोटी होते, उत्तर सतत 'हो' येतं आणि पंप दहाएक सेकंद थांबतच नाही. बेरजेऐवजी वजाबाकी करायची, आत्ताची वेळ वजा मागचा डोस, चिन्हाशिवायच्या आकड्यात ती उलटल्यावरही बरोबर येते.

हे तपासायला पन्नास दिवस कोण बसणार, म्हणून आम्ही तो आकडा शून्याऐवजी भरायला एक मिनिट बाकी असेल तिथूनच सुरू केला. ज्युनियर परत स्टॉपवॉच घेऊन बसला. साठावा सेकंद गेला, सत्तरावा गेला, पंप दहालाच मारत होता.