एनएचएल ड्राफ्ट आणि उन्हाळी अदलाबदल

नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही अमेरिका व कॅनडातील 32 संघांची व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा. जूनमध्ये विजेतेपदाच्या स्टॅनली चषकाचा निकाल लागतो आणि लगोलग पुढच्या हंगामाची संघबांधणी सुरू होते. जूनअखेरचा ड्राफ्ट, त्याच्या आगेमागे होणारी खेळाडूंची अदलाबदल आणि 1 जुलैपासून मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूंशी होणारे करार, असा हा उन्हाळी कारभार असतो. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा: ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ज्या संघाची पाळी येईल त्याने एक नवोदित खेळाडू निवडायचा. लीगमध्ये त्याच्याशी करार करण्याचा हक्क मग त्याच संघाचा. पाळी मात्र दुसऱ्या संघाला देऊन टाकता येते, अगदी पुढच्या वर्षांचीसुद्धा. उन्हाळ्यातली सारी मुत्सद्देगिरी या पाळ्यांभोवती फिरते.

पहिला ड्राफ्ट 1963 मध्ये माँट्रियल येथे झाला. त्याआधी एनएचएलचे संघ कनिष्ठ क्लबांनाच पोसत आणि तिथली मुले आपसूक त्यांच्या पदरात पडत. आता सात फेऱ्या होतात आणि निवडले जाणारे बहुतेक खेळाडू अठरा वर्षांचे असतात.

दुबळ्या संघाला आधी पाळी, हे मूळ तत्त्व. त्यातून मुद्दाम हरण्याचा मोह निपजला. 1983-84 च्या हंगामात पिट्सबर्ग पेंग्विन्स न्यू जर्सी डेव्हिल्सपेक्षा तीन गुणांनी मागे राहून तळाला गेले आणि त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला नवोदित मारिओ लेम्यू त्यांना मिळाला; पुढे 1991 व 1992 चे चषकही. 1995 पासून वरच्या पाळ्यांसाठी सोडत काढतात. बाद फेरी न गाठलेले 16 संघ तिच्यात असतात, आणि सध्याच्या नियमांनुसार तळाच्या संघाला पहिली पाळी मिळण्याची शक्यता जेमतेम 25.5 टक्के उरते. मोह कमी झाला असेल, गेला मात्र नाही.

पाळ्यांच्या व्यवहारातला सर्वांत देखणा डाव 1999 चा. व्हँकूवर कनक्सचे महाव्यवस्थापक ब्रायन बर्क यांना डॅनिएल आणि हेन्रिक सेडिन हे स्वीडिश जुळे भाऊ दोघेही हवे होते आणि हाती फक्त तिसरी पाळी होती. त्यांनी बचावपटू ब्रायन मॅककेब आणि पुढची एक पहिल्या फेरीची पाळी शिकागोला देऊन चौथी मिळवली. ती चौथी व तिसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या टँपा बेला देऊन पहिली घेतली. मग ही पहिली अटलांटाला देऊन दुसरी घेतली. अट एवढीच, की अटलांटाने सेडिनांना हात लावायचा नाही. अटलांटाने पॅट्रिक स्टेफानला निवडले, त्याचे कारकिर्दीत 64 गोल झाले. दुसऱ्या व तिसऱ्या पाळीवर घेतलेले दोघे भाऊ 2018 मध्ये निवृत्त होईपर्यंत व्हँकूवरकडेच खेळले आणि प्रत्येकाने हजारावर गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले.

याउलट क्विबेक नॉर्डिक्सने 1991 मध्ये एरिक लिंड्रोसला पहिल्या पाळीवर निवडले, पण त्याने तिथे खेळायला साफ नकार दिला. वर्षभराने क्विबेकने त्याला एकाच वेळी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स या दोघांना देऊ केले. भांडण लवादाकडे गेले आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. बदल्यात पीटर फॉर्सबर्गसह सहा खेळाडू, पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि दीड कोटी डॉलर क्विबेकला मिळाले. 1995 मध्ये हा संघ डेन्व्हरला हलून कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच झाला आणि पुढच्याच वर्षी चषक जिंकला. त्या पाळ्यांपैकी एकीवर निवडलेला गोलरक्षक जोसलिन थिबो हा पुढे नामवंत गोलरक्षक पॅट्रिक रॉयला आणण्याच्या व्यवहारात कामी आला. लिंड्रोस गुणी होताच, पण चषक त्याच्या वाट्याला कधी आला नाही.

2005 पासून संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली आणि हिशेब बदलला. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख डॉलर होती. उन्हाळ्यात संघाला तिच्या दहा टक्के वर जाता येते, हंगाम उघडेपर्यंत मात्र खाली यावेच लागते. म्हणून चांगले पण महागडे खेळाडूही स्वस्तात हातचे जातात. नवोदितांचे पहिले करार स्वस्त असल्याने पाळीचे मोल आणखी वाढले.

ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुइस ब्लूजने याच अडचणीवर नेम धरला. एडमंटनने फिलिप ब्रोबर्ग व डिलन हॉलोवे या आपल्या तरुणांचे करार तोवर केले नव्हते आणि पगारमर्यादेत जागा नव्हती. ब्लूजने दोघांनाही परस्पर कराराचे प्रस्ताव दिले. मूळ संघाने प्रस्तावाची बरोबरी केली तर खेळाडू राहतो, नाहीतर तो जातो आणि भरपाई म्हणून पाळ्या मिळतात. ही भरपाई प्रस्ताव देणाऱ्या संघाला स्वतःच्याच मूळ पाळ्यांतून करावी लागते, आणि ब्लूजची दुसऱ्या फेरीची पाळी पिट्सबर्गकडे गेलेली होती. म्हणून त्यांनी आधी ती परत मिळवली, मगच डाव टाकला. सात दिवसांच्या मुदतीत एडमंटनने प्रस्तावांची बरोबरी केली नाही. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीची एकेक पाळी त्यांना मिळाली. हॉलोवेने पहिल्याच हंगामात ब्लूजसाठी 26 गोल केले.